स्टील गिटार घेऊन जॅमला जावं की घरीच वाजवावं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: हे वाचक मूळचे सांगलीचे, वय साठीच्या आसपास. बरीच वर्षं टेक्ससमध्ये आहेत आणि अलीकडेच नोकरीतून निवृत्त झाले. लहानपणी रेडिओवर हवाईयन गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्यांच्या धुना ऐकून त्या आवाजाचं वेड लागलं. निवृत्तीनंतर त्यांनी एक जुनी पेडल स्टील गिटार (आडवी ठेवून, तारांवर पोलादी बार सरकवत आणि पायाखालच्या पेडलांनी सूर बदलत वाजवायची) घेतली आणि ऑनलाइन धड्यांवरून शिकले. गावातल्या कम्युनिटी हॉलमध्ये दर गुरुवारी संध्याकाळी कंट्री म्युझिकचा जॅम असतो. खुर्च्या गोल मांडलेल्या, पाच-सहा गिटारी, एक फिडल (म्हणजे व्हायोलिन), एक डबल बास, आणि प्रत्येकाने पाळीने एक गाणं सांगायचं. काही महिन्यांपासून ते तिथे नियमित जातात. गेल्या महिन्यात जॅम चालवणाऱ्या बाई एका गाण्यानंतर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "गाणाऱ्याला जरा जागा द्या." नंतर एका गिटारवाल्याने "थोडं बेसूर लागतंय" असंही सुचवलं. ऐंशीच्या घरातले एक मुरलेले स्टीलवादक अधूनमधून येतात, ते आले की आपण वाद्य मांडावं की नाही तेच यांना कळत नाही. घरी परतताना मन खट्टू असतं, हे पत्नीच्याही लक्षात आलंय. ते विचारतात: "हे त्यांचं संगीत, मी उपरा. त्यांना मी नकोच आहे का? जॅम सोडून घरीच वाजवू, की वाद्यच विकून टाकू?"

प्रिय वाचक,

बाईंच्या त्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण बाकीचं दुखणं तिथूनच वर आलं आहे. "जागा द्या" हे तुम्ही "तुम्ही नको आहात" असं ऐकलंत. मला ते तसं वाटत नाही. मी अशा जॅममध्ये बसले आहे. तिथे जो माणूस खरोखर नकोसा असतो, त्याला सहसा कुणी काही सांगत नाही. त्याची सोलोची पाळी आली की नजरा फिडलकडे वळतात, आणि तो पुढच्या आठवड्यात आला नाही तरी कुणी चौकशी करत नाही. सूचना मिळते ती पुढच्या गुरुवारी येणार हे गृहीत धरलेल्या माणसाला. सगळ्यांदेखत सांगायला नको होतं, बाजूला घेऊन सांगता आलं असतं, आणि तुम्हाला ते लागलं यात काही गैर नाही. पण सांगण्याची पद्धत आणि सांगितलेली गोष्ट वेगवेगळी तोलून पाहा. सांगितलेली गोष्ट बहुधा बरोबर आहे.

बहुधा म्हणते, कारण हा दोष स्टीलच्या स्वभावातच आहे. या वाद्याचा आवाज माणसाच्या गळ्याशी फार सलगी करतो. सूर तुटत नाही, घसरत जातो, आणि उजव्या पायाखालचं व्हॉल्यूम पेडल दाबत नेलं की विरत चाललेला सूरही धरून ठेवता येतो. साध्या गिटारीचा सूर छेडला की लगेच विरायला लागतो, त्यामुळे ती आपोआप बाजूला होते. स्टील आपणहून बाजूला होत नाही, तिला वाजवणाऱ्याने बाजूला करावं लागतं. त्यातून नव्याने शिकलेल्याला सगळ्यात सोपी आणि गोड जागा सापडते ती मधल्या-वरच्या तारांवर, म्हणजे नेमकी बऱ्याच गाणाऱ्यांचा गळा जिथे असतो तिथे. एका खोलीत दोन गळे एकाच उंचीवर, आणि त्यातल्या एकाला शब्द सांगायचे आहेत. अशा वेळी गाणारा अडखळतो, आणि आपण का अडखळलो हे त्यालाही सांगता येत नाही.

सांगलीकडची भजनं तुम्ही नक्की ऐकली असतील. चांगला पेटीवाला बुवांच्या ओळीवर ओळ चढवत नाही. बुवा श्वास घेतात तेवढ्यात तो ओळीचं शेपूट उचलतो, पुढची ओळ सुरू व्हायच्या आत खाली ठेवतो, आणि बुवा वर गेले की स्वतः खाली राहतो. कंट्रीतल्या स्टीलचं काम अगदी हेच आहे. ही समज तुमच्या कानात लहानपणापासून आहे. समोर पेटीऐवजी दहा तारा आणि पेडलं आली, तेव्हा ती इथेही लागू पडते हे मात्र तुम्हाला कुणी सांगितलं नाही.

आता हे प्रत्यक्ष करायचं कसं? पहिलं कडवं पूर्ण सोडून द्या. हात तारांवर ठेवून आवाज बंद धरा आणि शब्द ऐका. धृपद आलं की लांब, मऊ, खालच्या तारांवरचे कॉर्ड, व्हॉल्यूम पेडल अर्ध्याच्याही खाली. दुसऱ्या कडव्यात ओळींच्या मधल्या फटी भरा, पण त्याआधी फिडलवाल्याकडे पाहा. तो भरत असेल तर ते कडवं त्याचं, तुमचं पुढचं. गाणं सुरू होण्याआधीच त्याच्याशी नजरेने किंवा दोन शब्दांत ठरवून टाका, फिडलवाल्यांना असं विचारलेलं आवडतं. फट भरताना गाणाऱ्याचा शेवटचा शब्द संपल्यावरच सुरू करा आणि तो पुढचा श्वास घेईल त्याआधी संपवा. तुम्ही इतकं सुंदर काही वाजवत असाल की थांबवत नाही, तरी थांबा. सोलो फक्त खूण झाल्यावर घ्या. तो तुमचा, तेव्हा मोकळेपणाने वाजवा.

आवाज किती ठेवायचा याचं माप सोपं आहे: गाणाऱ्याचे शब्द तुम्हाला कळत नसतील, तर तुम्ही मोठे आहात. अ‍ॅम्प जमिनीवर पाठीमागे ठेवला असेल तर तो तुमच्या पोटऱ्यांना ऐकू येतो आणि समोरच्या गाणाऱ्याला थेट कानात. तो खुर्चीवर चढवा किंवा मागे कलता करा, तोंड तुमच्या स्वतःच्या कानाकडे. शक्य असेल तर डबल बासच्या शेजारी बसा. बासचा पाया कानाशी असला की ताल आणि पट्टी दोन्ही सांभाळली जातात. फोनवर एक गुरुवार रेकॉर्ड करा, पण फोन वर्तुळाच्या पलीकडच्या टोकाला ठेवून. तुमच्या खुर्चीवरून जे ऐकू येतं आणि बाईंना जे ऐकू येतं, त्यांतलं अंतर त्यात कळेल.

घरचा रियाजही थोडा बदला. ऑनलाइन धडे सोलो आणि जागा शिकवतात, कारण तेच दाखवायला छान दिसतं. साथ शिकायला एखादं गाणं लावा, गाणाऱ्याबरोबर स्वतः ओळ गुणगुणा आणि गुणगुणणं थांबेल तिथेच वाजवा. तोंड चालू असताना हात बंद. ही सवय एकदा अंगात मुरली की जॅममध्ये वेगळा विचार करावा लागत नाही.

जॅममध्ये काही जण एवढे का वाजवतात याचं मला दिसणारं एक कारण भीती आहे. पट्टी बदलली, कॉर्ड चुकेल, म्हणून ते सतत काहीतरी शोधत वाजवत राहतात. तुमच्या बाबतीत तसं असेल तर हे धरून ठेवा. तुमच्या पत्रावरून तुमच्याकडे दहा तारांचं ई-नाईन (E9) ट्यूनिंग, म्हणजे तारा लावायची पद्धत, आहे. जी (G) पट्टीत तिसऱ्या फ्रेटवर, म्हणजे तारांखालच्या तिसऱ्या रेघेवर, एकही पेडल न दाबता, जीचा कॉर्ड मिळतो. तिथेच ए आणि बी पेडलं एकत्र दाबली की सी. पेडलं तशीच दाबून बार पाचव्या फ्रेटवर नेला की डी. झालं. कंट्रीची कितीतरी गाणी या तीन कॉर्डांवर उभी आहेत. एखाद्या बाई बी-फ्लॅटमध्ये गायला लागल्या तर हेच सगळं सहाव्या फ्रेटवरून सुरू करा. गिटारवाले कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) शोधत असतील, तुम्हाला फक्त बार सरकवायचा आहे. त्यांच्या हातांकडे पाहून कॉर्ड ओळखायला जाऊ नका. कॅपो लावला की हात जीचा दिसतो आणि ऐकू येतो भलताच. कंट्रीचं माहेरघर असलेल्या नॅशव्हिलचे वादक कॉर्डांना अक्षरांऐवजी आकड्यांनी बोलावतात: एक, चार, पाच. पट्टी कुठलीही असो, आकडे तेच. सा, म, प वर वाढलेल्या माणसाला ही भाषा दोन गुरुवारांत येईल. षड्ज हलवून ऐकायची सवय तुम्हाला आहेच.

बेसूर लागतं, याबद्दल. आधी साधं कारण तपासा. साध्या गिटारीत बोट फ्रेटच्या मागे पडतं, स्टीलमध्ये बार फ्रेटच्या रेघेच्या बरोब्बर वर यावा लागतो, आणि मान तिरकी ठेवून बघितलं की तो जागेवर नसताना जागेवर दिसतो. डोकं बारच्या वर आणून पाहा. दुसरं कारण जास्त सूक्ष्म आहे आणि ते तुमच्या बाजूचं असू शकतं. स्टीलवाले तिसरी आणि सहावी तार, म्हणजे या मोकळ्या कॉर्डातला गंधार, बऱ्याचदा ट्यूनरच्या काट्यापेक्षा जराशी खाली लावतात. तंबोऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार समान भागांत वाटलेल्या सप्तकातल्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट, म्हणजे अर्ध्या सुराच्या सातव्या हिश्श्याएवढा, उतरलेला असतो. एकट्याने वाजवताना तो फार गोड लागतो. भोवती पाच-सहा गिटारी क्लिपच्या ट्यूनरवर काटेकोर लावलेल्या असल्या की तोच उतरलेला वाटतो. तुम्ही कानाने तारा लावत असाल तर गुरुवारपुरता मधला मार्ग काढा: गंधार थोडा चढवा, पूर्ण काट्यावर नेऊ नका. त्या गिटारवाल्याला तुम्हीच विचारा, "कुठला सूर खटकला?" नेमकं उत्तर मिळालं तर तो तुमच्या कामाचा माणूस आहे.

शिवाय मींड. हवाईयन गिटारवरच्या धुना ऐकून आलेला हात बार लांबवर घसरवत नेतो. पेडल स्टीलची चाल वेगळी आहे: बार जागेवर राहतो, पेडल एक-दोन तारा ओढतं, आणि बाकीचे सूर स्थिर असताना एक सूर त्यांच्यामधून वर चढतो. 1954 साली कंट्री गायक वेब पिअर्सच्या एका गाजलेल्या रेकॉर्डवर स्टीलवादक बड आयझॅक्सने हे ऐकवलं आणि स्टीलवाल्यांमध्ये आपापल्या वाद्यांना पेडलं लावून घ्यायची धांदल उडाली. तुमची मींड टाकून देऊ नका. ती सोलोसाठी राखा. साथीत बार कमी हलवा आणि पायाला काम द्या.

आता उपरेपणाचा प्रश्न. त्यातलं एक गृहीत मला मान्य नाही: हे वाद्य त्यांचं आहे, हे. स्टील गिटारचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतलं जातं तो जोसेफ केकुकू हवाईतल्या ओआहू बेटावरचा मुलगा. साधारण 1889 मध्ये तो तारांवर पोलाद घासून वाजवू लागला असं मानतात. 1915 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या प्रदर्शनात हवाईयन वादकांनी अमेरिकेला या आवाजाचं वेड लावलं, आणि तिथून पुढे तो कंट्रीत मुरला. टेक्ससमधल्या जॅममध्ये स्टीलवाल्याकडून हमखास मागितली जाणारी 'स्टील गिटार रॅग' 1936 मध्ये बॉब विल्सच्या बँडमधल्या लिऑन मॅकऑलिफने गाजवली. तिचं मूळ मात्र सिल्व्हेस्टर वीव्हर या कृष्णवर्णीय गिटारवादकाने 1923 मध्ये रेकॉर्ड केलेल्या रचनेत आहे. इकडे 1940 च्या दशकात टाउ मो हा सामोआत जन्मलेला, हवाईत वाढलेला वादक आपल्या कुटुंबासह कोलकात्यात राहिला, त्याने तिथे शिकवलं, आणि हवाईयन गिटार आपल्याकडे रुजवण्यात त्याचा मोठा हात होता. पुढे व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी तिच्यावर सिनेमाची गाणी वाजवली, ब्रिजभूषण काबरा यांनी तिच्यावर राग मांडले. तुम्ही लहानपणी रेडिओवर ऐकलेला आवाज आणि गुरुवारच्या हॉलमधला आवाज एकाच बेटावरून निघाले आहेत. एक पूर्वेकडे गेला, एक पश्चिमेकडे. तुम्हाला इथे कुणाची परवानगी मागायची नाही.

पण वाद्य सगळ्यांचं आहे म्हणून खोलीतली माणसंही आपली असतीलच, असं मी म्हणणार नाही. परक्या देशात वेगळ्या रंगाचा, वेगळ्या उच्चाराचा माणूस म्हणून वावरताना जे टोचतं ते नेहमी मनाचे खेळ नसतात. म्हणून पुढचा महिनाभर डोळे उघडे ठेवून बघा. नवख्या हार्मोनिकावाल्यालाही "जागा द्या" सांगतात का? गाणं सांगायची तुमची पाळी तुम्हाला मिळते का, की वर्तुळ तुम्हाला ओलांडून पुढे जातं? तुमचं नाव विचारून नीट म्हणायचा प्रयत्न कुणी करतं का? तुमच्या वाद्याची जड पेटी गाडीपर्यंत न्यायला कुणी हात लावतं का? उत्तरं बरी आली तर तुम्ही तिथले आहात, फक्त नवे आहात. नियम तुमच्यापुरतेच कडक निघाले तर तो जॅम सोडायला संकोच करू नका, टेक्ससमध्ये दुसरी वर्तुळं मिळतील. जाण्याआधी एक चौकशी मात्र करा: जॅम विजेवरच्या वाद्यांचा आहे की निव्वळ अकूस्टिक? ब्लूग्रासच्या (बिनविजेच्या तारवाद्यांवरच्या कंट्री संगीताच्या) कडक जॅममध्ये पेडल स्टील उघडली तर भुवया उंचावतील, आणि तिथे ते वैयक्तिक समजायचं नाही. तिथे डोब्रो, म्हणजे बारनेच वाजवायची बिनविजेची गिटार, चालते.

या महिन्याच्या सुरुवातीलाच बाईंशी बोला. जॅम सुरू व्हायच्या आधी, खुर्च्या लावताना. माफी नको, खुलासाही नको. एवढंच विचारा: "तुम्ही त्या दिवशी म्हणालात त्याचा मी विचार केला. आज मी पहिली कडवी सोडणार आहे. कुठे जास्त होतंय वाटलं तर मला हाताने खूण कराल?" बहुतेक माणसं अशा प्रश्नाने मऊ होतात, कारण तुम्ही त्यांना गाणं सुधारायला बोलावता. त्या मऊ झाल्या नाहीत, तर तेही तुम्हाला कळायला हवं.

आणि ते ऐंशीच्या घरातले गृहस्थ. तुमच्या पत्रात ते एक अडचण म्हणून आले आहेत, मला तर ती तुमची सगळ्यात मोठी संधी वाटते. तुम्ही धडे पाहून शिकलात. त्यांच्या पिढीतले बरेच जण रेडिओ आणि रेकॉर्ड ऐकून, सुई पुन्हापुन्हा मागे नेऊन शिकले. दोन स्टील एकाच वेळी वाजू नयेत हे खरं, पण एकाआड एक गाणं वाटून घेता येतं. ते आले की वाद्य मांडा, पण आधी त्यांना विचारा: "तुम्ही वाजवाल तेव्हा मी शेजारी बसून पाहिलं तर चालेल का?" आणि पाहाल तेव्हा हातांकडे कमी, पायांकडे आणि गुडघ्यांकडे जास्त पाहा. व्हॉल्यूम पेडल ते तार छेडायच्या आधी उघडतात की नंतर, कुठल्या कडव्यात ते काहीच वाजवत नाहीत, ते टिपा. खूप गर्दीच्या गुरुवारी पेडल स्टील घरीच ठेवून साधी लॅप स्टील न्या. ती मांडीवर मावते, मांडायला वेळ लागत नाही, आणि जागेवरून वाद होत नाहीत.

हेच सगळं थोड्या फरकाने हार्मोनिका, फिडल, मँडोलिन घेऊन जॅमला जाणाऱ्या इतर वाचकांनाही लागू आहे. मराठी मंडळाच्या गाण्याच्या बैठकीत कीबोर्ड वाजवणाऱ्यांना तर जास्तच, कारण कीबोर्डचा सूरही सोडेपर्यंत सुटत नाही. गाणारे तुमच्या साथीत अडखळत असतील तर आधी स्वतःचं वाजवणं निम्मं करा आणि मग बघा.

घरी एकट्याने वाजवण्यात कमीपणा काहीच नाही, आणि पुढे कधी तुम्हाला तेच आवडू लागलं तर तेही करा. पण आज तुम्ही ते दुखावून निवडत आहात. वाद्य विकायचा विषय निदान तीन-चार महिने बाजूला ठेवा. पत्नीलाही एखाद्या गुरुवारी बरोबर न्या आणि हॉलच्या मागच्या भिंतीपाशी बसवा. तिथून शब्द ऐकू येतात की नाही, हे त्या तुम्हाला खरं सांगतील.